राखलेले रान : बालाघाटाच्या मोकळ्या भूमीचा मागोवा

बीड जिल्ह्याची दोन अंगे आहेत. उत्तरेला गोदावरीकाठची काळी, सपाट गंगथडी आणि दक्षिणेला बालाघाटाचा डोंगरपट्टा. या डोंगरपट्ट्यात माती कमी आणि मुरूम जास्त. पाऊस येतो तो पर्जन्यछायेतला, कधी भरपूर, कधी पाठ फिरवणारा. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर हे तालुके ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्या माणसांमुळे राज्याला ठाऊक आहेत. राज्यात ज्या जिल्ह्यांच्या वाट्याला सर्वांत कमी जंगल आले, त्यांत बीडची गणना होते. तरीही याच पट्ट्यात, पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या परिसरात २९.८९ चौरस किलोमीटरचे एक रान १९९४ साली मोरांसाठी राखले गेले आणि नायगाव मयूर अभयारण्य या नावाने सरकारी दप्तरात नोंदले गेले. ज्या जिल्ह्यात एकरभर बरड जमिनीसाठीही माणसे वर्षानुवर्षे झगडतात, तिथे एवढी भूमी कोणाच्याही नांगराखाली न जाता शिल्लक राहिली, ही लहान गोष्ट नव्हे. तिची कुळकथा मात्र १९९४ च्या कितीतरी मागे जाते. रान राखण्याची कल्पना या प्रदेशात कुठून आली, कोणाकोणाच्या हातून गेली आणि प्रत्येक हाताने तिला कोणते रूप दिले, हे आपण क्रमाने पाहू.

सुरुवात राजांपासून करावी लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जनपदातल्या पडीक भूमीचा विनियोग कसा करावा हे सांगताना राजाच्या विहारासाठी एक मृगवन आखून दिलेले आहे. त्याला एकच प्रवेशद्वार, भोवती खंदक, आत गोड फळांची झाडे आणि नखे-दात काढलेली जनावरे. पण त्याच प्रकरणात आणखी एका मृगवनाची तरतूद आहे, जिथे सर्व प्राण्यांना पाहुण्यासारखे वागवायचे. पुढे कत्तलखान्यावरच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना ज्या पक्ष्यांना संरक्षण द्यायचे त्यांची यादी येते. त्या यादीत हंस, चकोर आणि कोकिळेबरोबर मोरही आहे. मोराची दुसरी नोंद अशोकाची. गिरनारसह अनेक ठिकाणी कोरलेल्या पहिल्या शिलालेखात हा सम्राट सांगतो, की पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज असंख्य प्राणी मारले जात. आता फक्त दोन मोर आणि एक हरीण मारले जाते, हरीणही नेहमी नव्हे, आणि पुढे तेही थांबेल. पुढच्या काळातल्या पाचव्या स्तंभलेखात तर कोणते प्राणी मारू नयेत आणि कोणत्या कारणांनी वणवे लावू नयेत याची आज्ञाच आहे. राजाच्या चैनीसाठी राखलेले रान आणि जीवांना अभय देण्यासाठी राखलेले रान हे दोन्ही प्रवाह इसवी सनापूर्वीच एकमेकांशेजारून वाहत होते. पुढची दोन हजार वर्षे ते कधी एकत्र येतात, कधी दूर जातात.

आता आपण गोदावरीच्या काठावर येऊ. सातवाहनांचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, बीड जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. हाल राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती याच नदीच्या परिसरात घडली आणि तिच्यातली माणसे घरात जितकी दिसतात तितकीच नदीकाठच्या झाडीत, शेताच्या बांधावर आणि डोंगराच्या उतारावर दिसतात. त्यांच्या लेखी रान हा गावाचाच लांबलेला भाग होता. बाराशे वर्षांनी याच गंगातीरी चक्रधरस्वामी फिरत होते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केलेल्या लीळाचरित्रात एका सशाची हकिकत आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळणारा ससा स्वामींच्या मांडीखाली आसरा घेतो. पारधी तो मागतात आणि स्वामी शरण आलेल्या जीवाला देण्यास नकार देतात. अशोकाचे अभय दगडावर कोरलेल्या आज्ञेतून आले होते. इथे ते एका फिरत्या संन्याशाच्या आचरणातून आले. राजसत्ता नसतानाही रानातल्या जीवाला आसरा देता येतो, हा विचार मराठी मुलखात इथे प्रथम इतक्या ठसठशीतपणे लिहिला गेला.

संतांनी आणि नाथांनी या डोंगरांना दिलेले संरक्षण आजही टिकून आहे. आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची समाधी मानली जाते, पाटोदा तालुक्यात गहिनीनाथांचा गड आहे, अंबाजोगाईच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथे डोंगरातून पाणी कुंडात झेपावते आणि तिथेच वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून भाविक येतात. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. या सगळ्या जागा नीट पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. जिथे पाणी उगवते किंवा कोसळते, जिथे दरी खोल आणि झाडी दाट आहे, नेमक्या तिथेच देव बसवला गेला. मांजरा नदीही याच पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावते आणि सातशेहून अधिक किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. पाणलोटाच्या माथ्यावरची झाडे देवाच्या नावाने राहिली, म्हणून खालच्या गावांचे झरे टिकले. शिवाय या जागा यात्रेकरूंसाठी मोकळ्या होत्या. यात्रेला आलेला माणूस नवस फेडी, कुंडात अंघोळ करी, झाडाखाली भाकरी सोडी आणि मुलाबाळांसह दिवस घालवून परते. मोकळ्या रानात विसावा घेण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी रीत यात्रेच्या पोटात आहे. तिच्या शेजारी दुसरी रीत ठेवावी लागेल, ती लातूर-धाराशिवच्या सीमेला लागून असलेल्या अंबाजोगाई-परळी भागातल्या येळवशीची. मार्गशीर्ष अमावास्येला अख्खे गाव शिवारात जाते. आंबील, भज्जी आणि उंडे यांचे जेवण होते आणि ज्याला शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावले जाते. वर्षातला एक दिवस शिवार सगळ्यांचे असते.

सोळाव्या शतकापासून रानाला वेगळे धनी मिळाले. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानाने धारूरचा किल्ला उभारला. पुढची दोन शतके बालाघाट निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे आणि निजाम यांच्या फौजांच्या वाटेवर राहिला. फौज म्हणजे घोडे आणि घोडे म्हणजे गवत. म्हणून कुरणे आणि रमणे राखणे हा त्या काळातल्या राज्यकारभाराचा महत्त्वाचा भाग होता. कुरणात गावाच्या गुरांना कधी सोडायचे, गवत केव्हा कापायचे, राखणदार कोण, हे ठरलेले असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, अशी सक्त ताकीद आहे. झाड वाढवायला रयतेने किती काळ घातला, याची जाण त्या ताकिदीत आहे. रान राज्याच्या गरजेचे आहे, पण ते रयतेचेही आहे, हा तोल तिथे धरलेला दिसतो. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. विजय मराठ्यांचा झाला, तरी बीडचा मुलूख पुढे निजामाच्याच अमलाखाली राहिला आणि बालाघाटाच्या रानाचे भवितव्य हैदराबादशी बांधले गेले.

हैदराबादच्या कारभाराला आधुनिक वळण दिले ते दिवाण पहिल्या सालारजंगांनी. १८६५ च्या जिल्हाबंदीने, म्हणजे जिल्ह्यांच्या नव्या रचनेने, आजच्या जिल्ह्यांची पायाभरणी झाली आणि त्यांच्याच काळात जंगलखात्याची घडी बसू लागली. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला जंगल कायदा झाला आणि १८७८ मध्ये त्याहून कडक दुसरा. जंगल ही सरकारची मालमत्ता आहे आणि तिथे गुरे चारणे, लाकूड आणणे ही सवलत आहे, हक्क नव्हे, हा विचार त्या कायद्यांनी रुजवला. संस्थानानेही तोच मार्ग धरला. फसली १३५५ चा, म्हणजे १९४५ च्या सुमाराचा हैदराबाद जंगल कायदा ही त्या वाटेवरची शेवटची मोठी खूण. नकाशावर रेघा आखल्या गेल्या, हद्दीचे दगड रोवले गेले, राखीव आणि संरक्षित असे प्रकार पडले. या व्यवस्थेने तोडीला काही आळा घातला हे मान्य करावेच लागते, कारण आज वनखात्याच्या ताब्यात असलेले बरेच डोंगर त्या नोंदींमुळेच सलग राहिले. पण धनगर, लमाण, वंजारी आणि पारधी यांच्या रोजच्या जगण्यातल्या कितीतरी गोष्टी एका रात्रीत गुन्हा ठरल्या. पारधी समाजाच्या माथ्यावर तर १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या विचाराने जन्मापासून शिक्का मारला आणि तो कायद्याने पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. रानाची सर्वांत बारीक माहिती असलेली माणसे रानाच्या व्यवस्थेतून बाहेर फेकली गेली. या तोट्याची भरपाई आजतागायत झालेली नाही.

याच काळात डोंगराचा पोशाखही बदलत होता. बालाघाटावर आज पावसाळ्यानंतर ज्या झाडाखाली बायाबापड्या पाट्या घेऊन जातात ते सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या व्यापारवाटांनी ते भारतात पसरले आणि खडकाळ, कोरड्या उतारावर असे रुजले की धारूर-केजच्या डोंगरांना ते कुलदैवतासारखे आपले वाटू लागले. गुरे त्याचा पाला खात नाहीत, म्हणून चराईच्या रानातही ते तगून राहिले. कमी पावसात त्याला गोडी चढते. धावडा, सालई, खैर, पळस, आपटा या जुन्या रहिवाशांमध्ये हा परदेशी पाहुणा मिसळून गेला. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा एका आयात झाडाची देशी वंशावळ सरकारदरबारी मान्य झाली. रान म्हणजे आदिम काळापासून न बदललेली वस्तू, ही समजूत बालाघाट मोडून काढतो. इथले रान माणसाच्या हाताने, गुरांच्या खुराने आणि दूरच्या समुद्रावरून आलेल्या बियाण्याने घडत आले आहे.

सर्वसामान्य माणसाने पाहावे, हिंडावे आणि आनंद घ्यावा एवढ्याच हेतूने सरकारने रान राखणे ही कल्पना मात्र अगदी अलीकडची. ३० जून १८६४ रोजी अब्राहम लिंकन यांनी योसेमिटीची दरी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली करणाऱ्या कायद्यावर सही केली. ती भूमी सार्वजनिक उपभोगासाठी कायम राखायची, अशी अट त्यात होती. अमेरिकेतल्या राज्य उद्यानांची परंपरा तिथून मोजतात. आठ वर्षांनी, १८७२ मध्ये, यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. या दोन्ही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना त्यांच्याच भूमीतून दूर केले गेले, हीदेखील त्याच इतिहासाची बाजू आहे आणि आपल्याकडे ही कल्पना आली तेव्हा ती बाजूही सोबत आली. १९३६ मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी हेली राष्ट्रीय उद्यान झाले, आजचे कॉर्बेट. त्याच्या थोडे आधी, १९३१-३२ मध्ये, सलीम अली यांनी निजाम सरकारच्या साहाय्याने हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. ज्या राज्याचा बीड हा एक जिल्हा होता, त्या राज्याने बंदुकीच्या शिकारीपलीकडे जाऊन आपल्या पक्ष्यांची शास्त्रीय मोजदाद करून घेतली, ही घटना आपण वळणाची मानली पाहिजे. शिकारखान्याच्या वहीऐवजी पक्ष्यांची नोंद आता अभ्यासकाच्या टिपणवहीत होऊ लागली होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. पुढच्या वर्षी जहागिरी रद्द झाल्या आणि जहागीरदारांच्या ताब्यातली राने राज्याकडे आली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याबरोबर बीड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. या प्रत्येक टप्प्यावर रानाच्या कागदपत्रांची भाषा, कायदा आणि धनी बदलला. मुंबई राज्याने तोवर राष्ट्रीय उद्यानांसाठी १९५० चा आणि वन्यप्राणी व पक्ष्यांसाठी १९५१ चा कायदा केला होता, आणि तेव्हा मध्य प्रदेशात असलेले ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले होते. या कायद्यांत शिकारीला परवाना होता, हंगाम होता, फी होती. रानाकडे पाहण्याची नजर अजून शिकाऱ्याचीच होती. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला. त्याने बालाघाटावरच्या मोराचे दिवस लगेच पालटले नाहीत, पण अशोकाच्या मुदपाकखान्यातून सुटलेला हा पक्षी दोन हजारांहून अधिक वर्षांनी पुन्हा राज्यसत्तेच्या संरक्षणाखाली आला.

मग १९७२ साल आले. या एकाच वर्षात बालाघाटाच्या रानाला आजचा आकार देणाऱ्या दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा एकमेकींशी वरवर काही संबंध नव्हता. पहिली गोष्ट म्हणजे दुष्काळ. १९७२-७३ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. विहिरी आटल्या, गुरे चाऱ्यावाचून गेली आणि माणसे खडी फोडण्याच्या कामावर उभी राहिली. त्या कामांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना वाढली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढची अनेक वर्षे रोजगार हमीवरच्या मजुरांनी डोंगरउतारांवर चर खोदले, पाझर तलाव बांधले, रोपे लावली. बालाघाटाच्या ज्या हिरवळीचे आज आपण कौतुक करतो, तिच्या मुळाशी दुष्काळात मजुरीवर आलेल्या बायकांची टोपली आणि पुरुषांची कुदळ आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा. त्याने मोराला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत ठेवले आणि अभयारण्य घोषित करण्याची रीत घालून दिली. त्या रीतीचा तपशील महत्त्वाचा आहे. कलम १८ खाली सरकार आपला हेतू जाहीर करते, मग जिल्हाधिकारी त्या भूमीवरच्या लोकांच्या हक्कांची चौकशी करतात. राष्ट्रीय उद्यानात ते हक्क संपुष्टात येतात, अभयारण्यात मात्र त्यांतले काही चालू ठेवण्याची मुभा असते. चराईचे नियमन होऊ शकते, सरसकट बंदी अनिवार्य नसते. आणि कलम २८ मध्ये अभ्यास आणि छायाचित्रण यांच्याबरोबर पर्यटनासाठीही प्रवेशाचा परवाना देण्याची तरतूद आहे. राजाचा विहार, संन्याशाचे अभय, यात्रेकरूची वाट आणि गुराख्याची चराई हे चारही जुने धागे या एका कायद्यात विणले गेले.

कायद्याला जमिनीवर उतरायला वेळ लागला. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगरच्या माळरानांवर माळढोकासाठी अभयारण्य झाले, १९८० मध्ये कर्जतजवळ रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य झाले, १९८६ मध्ये कन्नडजवळचे गौताळा औट्रमघाट आणि पैठणचे जायकवाडी पक्षी अभयारण्य झाले. बीडच्या आसपास राखलेली राने उभी राहत होती. १९९४ मध्ये नायगावची पाळी आली. इथे वाघ नव्हता, दाट अरण्य नव्हते, होता तो मोर. आणि मोराला हवे असलेले सगळे बालाघाटाच्या या तुकड्यात होते. रात्री बसायला उंच झाडे, अंडी घालायला जमिनीवरची काटेरी झुडपे, पावसाळ्यात पिसारा फुलवून नाचायला मोकळ्या जागा, खायला किडे, सरडे, धान्य आणि प्यायला नाल्यातले डोह. मोर शेतात उतरून भुईमूग आणि ज्वारीही खातो, म्हणून अभयारण्याच्या काठावरच्या शेतकऱ्याला या पक्ष्याची किंमत आपल्या पिकातून मोजावी लागते. तरीही मोर कार्तिकेयाचे वाहन, म्हणून त्याला मारू नये, हा संस्कार डोंगरातल्या गावांत खोलवर आहे. सरकारी अधिसूचनेला अशा जुन्या संस्काराची साथ मिळाली, हे नायगावचे भाग्य. त्याच्याच आधाराने लांडगा, कोल्हा, तरस आणि चिंकारा या माळावरच्या जनावरांनाही थोडा निवारा मिळाला.

या कथेच्या शेजारून दुसरी एक कथा चालली होती आणि तिच्याकडे पाठ करून पुढे जाता येणार नाही. गावाचे गायरान हेदेखील सार्वजनिक रानच. पण ज्यांच्या नावावर एक गुंठाही नव्हता, त्या दलित आणि भटक्या कुटुंबांसाठी गायरान हाच जगण्याचा एकमेव आधार होता. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात, विशेषतः बीडमध्ये, एकनाथ आवाड यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि गायरानावर पिके उभी करणाऱ्यांच्या बाजूने मार खात, लढत मोठी चळवळ उभारली. १९९१ मध्ये राज्य सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश देताना भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद मान्य केला. रान सर्वांचे म्हणताना त्या ‘सर्वां’मध्ये कोण येते, हा प्रश्न बीडने राज्यापुढे रोखठोक मांडला. पक्षी पाहायला येणाऱ्या माणसाचा आनंद आणि त्याच माळावर ज्वारी पेरणाऱ्या माणसाची भाकरी यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो, हे बीडच्या इतिहासाने शिकवले.

या शिकवणीचा परिणाम हळूहळू कायद्यांवरही दिसू लागला. १६ मार्च १९९२ रोजी राज्याने संयुक्त वन व्यवस्थापनाचा निर्णय घेतला आणि गावाच्या समितीला जंगलाच्या राखणीत आणि उत्पन्नात वाटा मिळाला. २००२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन सामुदायिक राखीव क्षेत्र हा नवा प्रकार आला, ज्यात लोक आपल्या जमिनीवर आपल्या इच्छेने वन्यजीव राखू शकतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांना मान्यता दिली. १८७८ पासून सरकारकडे गेलेली मालकी सव्वाशे वर्षांनी थोडी थोडी गावाकडे परतू लागली. मधल्या काळात देवराईलाही नवा जन्म मिळाला. बीड शहराजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे, लेखक अरविंद जगताप आणि स्थानिक वृक्षप्रेमी यांनी वनखात्याच्या साथीने सह्याद्री देवराई उभी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे दोन दिवसांचे वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षस्थानी वडाचे झाड होते. शाळकरी मुले दिंडी काढून आली. साहित्य संमेलनाचा घाट, दिंडीची रीत, देवराईची जुनी श्रद्धा आणि वनखात्याची जमीन असे चार वारसे त्या डोंगरावर एकत्र आले. देवाच्या भीतीने राखले जाणारे रान इथे नागरिकांच्या हौसेने आणि जबाबदारीने राखले जाऊ लागले.

आज आपण या लांब वाटेच्या टोकाशी उभे आहोत. पावसाळ्यात सौताड्याच्या कठड्यावर आणि कपिलधारच्या कुंडाशी तरुणांची गर्दी उसळते, नायगावला पक्षीनिरीक्षक येतात. शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला जखमी वन्यजीवांवर उपचार करणारे केंद्र लोकांनी उभे केले आहे. दुसरीकडे २०२० च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आणि डोंगरकडेच्या वस्त्या महिनाभर दारे लावून बसल्या. उन्हाळ्यात वणवे लागतात, धबधब्याच्या पायथ्याशी प्लास्टिक साचते. आणखी एक सूक्ष्म धोका आहे तो सदिच्छेतून येणारा. २०१६ ते २०१९ या काळात राज्यभर कोट्यवधी रोपे लावण्याच्या मोहिमा झाल्या. पण बालाघाटाचा बराच भाग मुळात गवताळ माळ आहे. तिथे सरसकट खड्डे खणून झाडे लावली तर चिंकारा आणि लांडग्याचे घर मोडते, मेंढपाळाचे कुरण जाते आणि हिरवळ मात्र वाढल्यासारखी दिसते. कोणत्या उतारावर झाड शोभते आणि कोणत्या माळावर गवत, हे मेंढपाळाला आणि पारध्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून या मागोव्यातून जो निष्कर्ष निघतो तो मला स्पष्टपणे मांडावासा वाटतो. राजाने राखलेले रान राजाबरोबर गेले, फौजेने राखलेली कुरणे फौजेबरोबर गेली, जहागीरदारांची राने जहागिरीबरोबर गेली. टिकली ती राने, ज्यांच्याशी शेजारच्या माणसाचा रोजचा संबंध उरला होता, मग तो संबंध देवाचा असो, पाण्याचा असो वा सीताफळाच्या पाटीचा. आता पर्यटन हा या रानाचा नवा उपयोग आहे आणि त्यात बीडपुरती एक अनुकूल गोष्ट दडली आहे. बालाघाट पाहण्याचा खरा हंगाम पावसाळ्याचा. धबधबे तेव्हा कोसळतात, मोर तेव्हा नाचतात आणि नेमका तोच काळ ऊसतोड कामगार गावी असण्याचा असतो. वाटाड्या, प्रवेशनाक्यावरचा राखणदार, पक्ष्यांची नोंद ठेवणारा, जेवण देणारे घर ही कामे या कुटुंबांकडे आली, प्रवेशशुल्काचा ठरावीक वाटा ग्रामसभेकडे गेला आणि दिवाळीनंतर जाळरेषा काढण्याची व पाणवठे भरण्याची कामे रोजगार हमीतून मिळाली, तर काही कोयते तरी गावातच राहतील आणि काही मुलांची शाळा सुटणार नाही. कायद्यात यासाठी लागणाऱ्या बहुतेक तरतुदी आहेत. हवा आहे तो निर्णय. चार-पाच पिढ्यांपूर्वी रानाबाहेर काढलेल्या माणसांना राखणदार म्हणून सन्मानाने परत बोलावणे, हाच या दोन हजार वर्षांच्या वाटेवरचा पुढचा न्याय्य टप्पा आहे आणि नायगावच्या तीस चौरस किलोमीटरांपासून त्याची सुरुवात करता येईल.